भाता, श्वास आणि मात्रा

निरर्थक आयुष्य कंठणाऱ्या मनुष्यास लोहाराच्या भात्याची उपमा देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. भाता श्वास घेतो आणि सोडतो, परंतु त्यात जीव नसतो, एवढाच त्या उपमेचा आशय. युरोपात अठराव्या शतकात याच भात्याच्या वाट्यास एक निराळेच काम आले. पाण्यात बुडून निश्चेष्ट पडलेल्या मनुष्याच्या नाकातोंडात भात्याची नळी धरून त्याच्या छातीत वारा भरला असता तो पुन्हा जिवंत होऊ शकतो, असे तिकडील विद्वानांस वाटू लागले. आणि त्यांचे वाटणे सर्वस्वी खोटे नव्हते. आज रुग्णवाहिकेतील फळीवर किंवा तालुक्याच्या दवाखान्यात हाताने उचलून नेण्याजोगी जी पेटी आपण पाहतो, आणि जिला सर्वतोमुखी 'व्हेंटिलेटर' हेच नाव पडले आहे, तिचा मूळपुरुष हा भाताच होय.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या साथीने हा शब्द घरोघरी पोहोचविला. कोणत्या शहरात किती यंत्रे आहेत, किती हवीत, किती येणार, याचे आकडे त्या वेळी लोक बाजारभावाप्रमाणे वाचीत होते. परंतु यंत्र दाराशी येणे आणि त्या यंत्रापासून रोग्यास योग्य तो श्वास मिळणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. ते अंतर काही आजकालचे नव्हे. कृत्रिम श्वासाच्या साऱ्या इतिहासात तेच अंतर पुनःपुन्हा आडवे आलेले दिसते. इतके की, एकदा हाती आलेले साधन केवळ त्यापायी मनुष्याने शंभर वर्षांहून अधिक काळ टाकून दिले होते. ती हकीकत येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

या विद्येचा पहिला स्पष्ट उल्लेख १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या व्हेसेलिअसच्या शारीरशास्त्रावरील ग्रंथात सापडतो. मरणोन्मुख प्राण्याच्या श्वासनलिकेस छिद्र पाडून त्यात बोरूची किंवा वेताची नळी बसवावी व तीतून फुंकावे, म्हणजे फुफ्फुस फुगते आणि मंदावलेले हृदय पुन्हा चालू लागते, असे त्याने लिहून ठेवले आहे. तथापि त्याचा हेतू रोगी वाचविण्याचा नव्हता. उघड्या छातीतील अवयवांचे चलनवलन पाहण्यासाठी प्राणी काही काळ जिवंत ठेवावा, एवढेच त्यास हवे होते. पुढे १६६७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे रॉबर्ट हूकने याच्या पुढचे पाऊल टाकले. त्याने एका कुत्र्याची छाती उघडून भात्याच्या साह्याने त्यास बराच वेळ जिवंत ठेवले. मग फुफ्फुसांच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे पाडून एकामागून एक चालणाऱ्या दोन भात्यांनी वाऱ्याचा अखंड झोत आत सोडला. फुफ्फुसे फुगलेली आणि निश्चल, तरीही हृदय चालू. यावरून त्याने असे अनुमान काढले की, फुफ्फुसांची हालचाल हे जीवनाचे कारण नसून आत सतत येणारी ताजी हवा हे कारण आहे. हवेतील प्राणवायूचा शोध लागण्यास त्या वेळी अजून शंभर वर्षांचा अवकाश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रयोगाची थोरवी कळते.

हे ज्ञान प्रयोगशाळेबाहेर पडले ते अठराव्या शतकात. कालव्यांच्या आम्स्टरडॅम शहरात माणसे बुडून मरण्याचे प्रकार नित्याचे असत. अशा लोकांस वाचविण्यासाठी १७६७ साली तेथील नागरिकांनी एक मंडळी स्थापिली. तिच्या धर्तीवर विल्यम हॉज आणि टॉमस कोगन या दोघा वैद्यांनी १७७४ मध्ये लंडनला एक संस्था काढली. तीच पुढे 'रॉयल ह्यूमेन सोसायटी' या नावाने प्रसिद्धीस आली. त्या काळचे उपचार पाहिले तर आज हसू येते. अंग शेकणे, चोळणे, इतकेच नव्हे तर तंबाखूचा धूर आतड्यांत सोडणे, असे प्रकार त्यांत होते. पण त्यांच्याच रांगेत भात्याने श्वास देणे हाही एक उपचार होता. १७७६ साली सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर याने रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचून दोन कप्प्यांचा भाता सुचविला. त्याच्या एका हालचालीने ताजी हवा आत जावी व दुसरीने आतील दूषित हवा बाहेर ओढली जावी, अशी त्याची रचना होती. वारा पोटात जाऊ नये म्हणून कंठ हलकेच मागे दाबून धरावा, अशीही सूचना त्याने केली. उपकरण आणि ते वापरण्याची रीत या दोहोंचा विचार त्याने एकत्रच केला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण त्याच्यामागून आलेल्यांनी उपकरण घेतले आणि रीत विसरली.

हा विसर किती महाग पडला ते १८२७ च्या सुमारास फ्रान्समध्ये उघडकीस आले. लरॉय देत्योल या फ्रेंच वैद्याने प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले की, भाता जोराने दाबला असता फुफ्फुसाचे नाजूक आवरण फाटते, हवा छातीच्या पोकळीत शिरते आणि प्राणी तत्काळ मरतो. ज्या साधनाने जीव वाचवावयाचा त्यानेच तो घेतला जातो, हे ऐकून सर्वत्र खळबळ उडाली. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याचे म्हणणे उचलून धरले, आणि १८३७ साली लंडनच्या ह्यूमेन सोसायटीने आपल्या शिफारशींतून भाता काढून टाकला.

या प्रकरणात सर्वांत हळहळ लावणारी गोष्ट वेगळीच आहे. भात्यातील दोष दाखविणाऱ्या लरॉयनेच त्यावरील उपायही सुचविला होता. भात्याच्या दांड्यांना त्याने एक मापपट्टी बसविली. रोगी मूल आहे की वाढता मुलगा आहे की प्रौढ आहे, त्याप्रमाणे भाता किती उघडावा हे तिच्यावरून ठरावे, अशी ती योजना होती. म्हणजे आज ज्यास आपण श्वासाची मात्रा म्हणतो ती मोजून देण्याचे साधन त्याच्या हाती तयार होते. परंतु लोकांनी धोका तेवढा ऐकला, माप ऐकले नाही. औषधाची मात्रा जास्त झाली म्हणून रोगी दगावला, तेव्हा मात्रा कमी करण्याऐवजी औषधच फेकून द्यावे, तसे हे झाले.

त्यानंतर कृत्रिम श्वासाचे काम केवळ हातांवर आले. १८५६ मध्ये मार्शल हॉलने रोग्यास कुशीवर वळविण्याची, १८५८ मध्ये सिल्व्हेस्टरने हात डोक्यामागे नेऊन पुन्हा छातीवर दाबण्याची, आणि १९०३ मध्ये शेफरने पालथे निजवून पाठ दाबण्याची रीत सांगितली. या रीतींना उपकरण लागत नसे, हा त्यांचा मोठा गुण. पण त्यांनी आत जाणारी हवा बहुधा अपुरी असे. फाजील दाबाच्या भीतीने मनुष्याने अपुऱ्या श्वासाचा आश्रय केला, असेच म्हणावे लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्र पुन्हा आले ते खाणीतून. जर्मनीतील ल्युबेक येथील हाइन्रिख ड्रेगर याने १९०७ साली 'पल्मोटर' नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. विषारी वायूने गुदमरलेल्या खाणकामगारांसाठी योजिलेले हे यंत्र पेटीत घालून नेता येत असे, आणि सिलिंडरातील प्राणवायूच्या दाबावर चालत असे. उचलून नेता येणाऱ्या श्वसनयंत्रांचा खरा प्रारंभ येथून धरावयास हरकत नाही. हे यंत्र फुफ्फुसात वारा भरी आणि ठराविक दाब येताच उलटून तो ओढून घेई. अमेरिकेत पोलिसांनी व गॅस-कंपन्यांनी ही यंत्रे मोठ्या हौसेने बाळगली. परंतु तेथील शरीरशास्त्रज्ञांनी लवकरच त्यावर कडक टीका केली. श्वासमार्गात जिभेचा किंवा कफाचा अडथळा असला की यंत्रातील दाब तेव्हाच वाढे. यंत्रास वाटे की फुफ्फुस भरले, आणि ते उलट फिरे. पेटी खटखट वाजत राही, पाहणाऱ्यास समाधान वाटे, आणि रोग्याच्या छातीत मात्र हवेचा लेशही जात नसे. यंत्र चालू आहे याचा अर्थ रोग्यास श्वास मिळतो आहे असा नव्हे, हा धडा या पेटीने शिकविला. आजच्या यंत्रांनाही तो तितकाच लागू आहे.

पुढे पोलिओच्या साथींनी विचाराची दिशा काही काळ बदलली. १९२८ च्या ऑक्टोबरात बोस्टन येथे फिलिप ड्रिंकर आणि लुई अगासी शॉ यांनी तयार केलेल्या लोखंडी पेटीत आठ वर्षांच्या एका मुलीस ठेवण्यात आले. डोके बाहेर आणि सारे शरीर पेटीत. पेटीतील हवेचा दाब कमीजास्त करून छाती बाहेरून फुगवावयाची, अशी ही युक्ती. बेशुद्ध पडलेली ती मुलगी थोड्याच वेळात सावध झाली. दुर्दैवाने पुढे काही दिवसांनी ती न्यूमोनियाने वारली, तरी यंत्राची उपयुक्तता सिद्ध झाली. ही 'लोखंडी फुफ्फुसे' महाग असत. ऑस्ट्रेलियात एडवर्ड बोथ याने प्लायवूडची स्वस्त पेटी बनविली, आणि १९३८ साली लॉर्ड नफील्ड या मोटार-कारखानदाराने तशा पेट्या आपल्या कारखान्यात करवून ब्रिटिश साम्राज्यातील रुग्णालयांस फुकट देण्याचे जाहीर केले. हे औदार्य निःसंशय मोठे होते. तरीही त्याच वेळी काही जाणत्या वैद्यांनी अशी शंका काढली की, ज्या ठिकाणी यंत्र चालविणारा शिकलेला मनुष्य नाही तेथे या पेट्या कोपऱ्यात पडून राहतील. आठ दशकांनंतर आपल्या देशात हीच शंका पुन्हा उभी राहिली, ते पुढे येईलच.

लोखंडी पेटीचे युग संपविले ते कोपनहेगनने. १९५२ च्या उन्हाळ्यात त्या शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात एके काळी दिवसाला पन्नासपर्यंत रोगी येऊ लागले. रुग्णालयाजवळ शरीर आत घेणारी मोठी पेटी एकच, आणि छातीवर बसविण्याची लहान कवचयंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनाचा पक्षाघात झालेल्या एकतीस रोग्यांपैकी सत्तावीस दगावले. प्रमुख वैद्य लासेन यांनी अखेर ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञास पाचारण केले. इब्सेन याचे निदान असे होते की, हे रोगी पोलिओच्या विषाने मरत नसून श्वास अपुरा पडून रक्तात साचणाऱ्या कर्बवायूने मरत आहेत. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या कंठास छिद्र पाडून त्यात नळी बसविण्यात आली, आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास देण्यात आला. मुलगी वाचली. मग वैद्यकीचे व दंतवैद्यकीचे सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळीपाळीने रोग्यांच्या उशाशी बसून महिनोन् महिने पिशव्या दाबीत राहिले. एका वेळी सत्तरपर्यंत रोगी अशा हातांवर जगत होते. शेकडा ऐंशीहून अधिक असलेले मृत्यूचे प्रमाण उतरून निम्म्याच्याही खाली आले.

इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर १८३७ साली हद्दपार केलेला भाताच हा परत आला होता. वारा आतून भरणेच बरे, हे तत्त्व शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा मान्य झाले. फरक एवढाच की या वेळी भात्यामागे विचार करणारा हात होता. पिशवी दाबणाऱ्या विद्यार्थ्यास रोग्याची छाती वर येताना दिसे, पिशवी जड लागली तर कफ साचल्याचे कळे, आणि रोग्याच्या डोळ्यांतील भाव पाहून श्वास कमीजास्त करता येई. मापपट्टी, दाबमापक आणि इशाऱ्याची घंटा ही तिन्ही कामे त्या एका हातात होती. त्यानंतर जी जी यंत्रे निघाली त्यांचा हेतू हा हात मोकळा करणे हा होता. आणि त्या हाताचे शहाणपण यंत्रात कितपत उतरले, हीच त्यांची खरी कसोटी.

यंत्रे झपाट्याने निघाली. १९५६ साली डेन्मार्कमधील होल्गर हेसे आणि हेनिंग रूबेन यांची आपोआप फुगणारी 'अंबू' पिशवी बाजारात आली. सिलिंडर नसले तरी साध्या हवेने ती श्वास देऊ शके. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत फॉरेस्ट बर्ड या वैमानिक यंत्रज्ञाची लहानशी हिरवी पेटी रुग्णालयांत दिसू लागली. सत्तरीच्या दशकात रुग्णवाहिकेत ठेवण्याजोगी, वायूच्याच दाबावर चालणारी व ठराविक वेळाने ठराविक हवा देणारी यंत्रे युरोपात निघाली. आजच्या पेट्यांत विजेची घटमाला, हवा खेचणारी छोटी पंखाचक्की आणि गणकयंत्र आले आहे. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या सेवेतील प्रगत गाड्यांतून अशी यंत्रे रस्त्यावर धावू लागली.

येथवर आल्यावर लरॉयची मापपट्टी पुन्हा आठवणे प्राप्त आहे. १९७४ साली वेब आणि टिअर्नी या दोघांनी उंदरांस अतिदाबाचा श्वास देऊन दाखविले की, फुफ्फुस न फाटताही त्यात पाणी भरून प्राणी थोड्याच अवधीत मरतो. आणि २००० साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. फुफ्फुसे गंभीरपणे बिघडलेल्या ८६१ रोग्यांपैकी काहींना शरीराच्या प्रमाणित वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटरपासून, तर काहींना ६ मिलिलिटरपासून श्वास देण्यात आला. पहिल्या गटात शेकडा ३९.८ दगावले, दुसऱ्यात ३१. यंत्र तेच, वैद्य तेच. केवळ मात्रा निम्मी केल्याने शंभरात जवळजवळ नऊ माणसे अधिक वाचली. दांड्यावर मापपट्टी लावणाऱ्या त्या फ्रेंच वैद्याचा न्याय होण्यास पावणेदोनशे वर्षे लागली.

वेगाचीही गोष्ट अशीच आहे. २००४ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे हृदय बंद पडलेल्या रोग्यांस रुग्णवाहिकेतील शिकलेले सेवक कसा श्वास देतात हे प्रत्यक्ष मोजले, तेव्हा तो मिनिटाला सरासरी तीस वेळा निघाला. घाईत आणि काळजीत हात भरभर चालतो, यात नवल नाही. पण छातीतील दाब सतत वाढलेला राहिला तर हृदयाकडे परतणारे रक्त अडते. त्याच संशोधकांनी डुकरांवर प्रयोग केला. मिनिटाला बारा श्वास दिलेल्या सातांपैकी सहा जगली, तीस दिलेल्या सातांपैकी एक.

या साऱ्या इतिहासातून आजच्या सुवाह्य यंत्राच्या वापराचे नियम आपोआप निघतात. ते तज्ज्ञांनी पाळावयाचे असले, तरी कुटुंबातील माणूस कधी ना कधी अशा गाडीत रोग्याशेजारी बसणार, म्हणून ते सुशिक्षित वाचकास ठाऊक असणे इष्ट आहे.

पहिला नियम मापाचा. श्वासाची मात्रा रोग्याच्या लठ्ठपणावरून नव्हे, तर उंचीवरून ठरते; कारण चरबी वाढल्याने फुफ्फुस वाढत नाही. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे प्रमाणित वजन ६६ किलो धरतात. किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर या हिशेबाने त्यास सुमारे ४०० ते ५३० मिलिलिटरचा श्वास पुरे. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीस मात्र २६० ते ३५० च पुरतो. आधीच्या रोग्यासाठी लावलेला आकडा तसाच ठेवून पुढच्या रोग्यास यंत्र जोडणे म्हणजे एकाचा अंगरखा दुसऱ्यास चढविणे होय, आणि येथे शिवण फाटते ती फुफ्फुसाची. यासाठी दाबाची कमाल मर्यादा आणि इशाऱ्याची घंटा प्रत्येक रोग्यागणिक लावावयाची असते; ती कर्कश वाटते म्हणून बंद करून ठेवणे हा अक्षम्य अपराध होय.

दुसरा नियम डोळ्यांचा. पल्मोटरने शिकविलेला धडा हाच. यंत्र जोडण्यापूर्वी रबरी कृत्रिम फुफ्फुसावर ते चालवून पाहावे, आणि जोडल्यावर पडद्याआधी छातीकडे पाहावे. दोन्ही बाजू सारख्या वर येतात की नाही, हे पाहिल्यावाचून आकड्यांवर विश्वास ठेवू नये. अकस्मात बिघाड झाला, तर प्रथम यंत्र सोडवून हाताच्या पिशवीने श्वास द्यावा आणि मग नळी सरकली काय, कफ अडकला काय, फुफ्फुस फाटून हवा छातीत शिरली काय, की दोष यंत्राचाच, याचा क्रमाने शोध घ्यावा. म्हणूनच अंबू पिशवी यंत्राच्या शेजारी नेहमी हाताशी असावी. तीही बेतानेच दाबावयाची. प्रौढासाठी असलेल्या पिशवीत सुमारे दीड लिटर हवा मावते, ती सारी एका दमात रिकामी केली तर लरॉयचे प्राणी आणि आपला रोगी यांत फरक उरणार नाही.

तिसरा नियम वायूचा. मिनिटास बारा वेळा अर्धा लिटर, म्हणजे सहा लिटर, आणि वायूवर चालणाऱ्या यंत्राने स्वतःसाठी घेतलेला लिटरभर मिळून सात लिटर प्राणवायू दर मिनिटाला खर्च होतो. आपल्याकडील 'बी' मापाच्या भरलेल्या सिलिंडरात सुमारे १५०० लिटर वायू असतो. तो शुद्ध दिल्यास साडेतीन तास पुरेल. पण काटा पाव भागावर असेल तर पन्नास-पंचावन्न मिनिटांतच संपेल, आणि घाटातून शहरापर्यंतचा रस्ता बहुधा त्याहून लांब असतो. निघण्यापूर्वी हा हिशेब करावा आणि प्रवासाच्या दुप्पट साठा घ्यावा. सिलिंडरची कळ सावकाश उघडावी, आणि त्याच्या जोडांना तेल किंवा वंगण चुकूनही लावू नये. दाबाखालील प्राणवायूत तेल भडकते.

चौथा नियम निगेचा, आणि हाच बहुधा पाळला जात नाही. घटमाला वापर नसतानाही हळूहळू रिकामी होते. म्हणून ती वेळच्या वेळी भारित करून, वीज काढून प्रत्यक्ष किती वेळ टिकते हे पाहून नोंदवहीत लिहावे. श्वास बाहेर सोडणाऱ्या झडपेतील पातळ रबरी पडदा धुतल्यावर उलटा किंवा ओला बसला, तर हवा आत जाते पण बाहेर येत नाही, आणि दर श्वासागणिक छाती फुगत जाते. एकदाच वापरावयाच्या नळ्या आणि गाळण्या धुऊन पुन्हा वापरणे ही काटकसर नव्हे. एकाचा रोग दुसऱ्यास देण्याची ती सोय होय. हवा आत घेणाऱ्या तोंडाची गाळणी धुळीने भरते. आपल्या रस्त्यांवर ती सांगितल्यापेक्षाही लवकर बदलावी लागते. आणि वर्षातून एकदा तरी मोजमापाच्या उपकरणांनी यंत्र तपासून घ्यावे. कारण पडद्यावर ४०० लिहिलेले असताना प्रत्यक्षात ४०० च जातात, याची खात्री पडदा स्वतः देऊ शकत नाही.

या गोष्टी क्षुल्लक वाटतील. पण त्यांच्या अभावाची किंमत आपण मोजलेली आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथील महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन पुरवठा काही वेळ खंडित झाला, आणि निदान बावीस रोगी प्राणास मुकले. ज्या नळीतून यंत्रांस वायू यावयाचा तीच रिकामी झाल्यावर खाटेशेजारची उत्तम यंत्रेही काय करणार? त्याच सुमारास औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय रुग्णालयास केंद्राकडून मिळालेल्या दीडशे यंत्रांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठापुढे गेला. त्यांतील बहुतेक सदोष असल्याची तक्रार होती. उलट केंद्राच्या बाजूने असे सांगण्यात आले की, उणीव यंत्रांत नसून ती चालविण्याच्या व्यवस्थेत आहे. न्यायालयाने त्या वादाबद्दल नाराजी व्यक्त केली. कोण खरे हा निवाडा या लेखाचा विषय नव्हे. खाटेवरील रोग्याच्या दृष्टीने दोन्ही पक्षांच्या म्हणण्याचा परिणाम एकच: श्वास मिळाला नाही. नफील्डच्या पेट्यांविषयी १९३८ साली निघालेली शंका जणू नव्या वेषाने न्यायालयात उभी राहिली.

आपल्याकडे यंत्र देणाऱ्याचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जाते, त्याच्या हस्ते फीत कापली जाते, आणि वर्तमानपत्रात छायाचित्र येते. दान स्तुत्यच आहे. परंतु त्या यंत्राची घटमाला दरमहा तपासणाऱ्या परिचारकाचे, झडपेतील पडदा सरळ बसला की नाही हे उजेडात धरून पाहणाऱ्या परिचारिकेचे नाव कोठेही लिहिलेले नसते. पुष्कळदा त्या कामासाठी माणूसच नेमलेला नसतो, आणि गाळणीसाठी अंदाजपत्रकात रक्कमही नसते. ज्या संस्था यंत्रे देतात त्यांनी किमतीबरोबरच पाच वर्षांच्या निगेची तरतूद आणि दोन माणसांचे शिक्षण यांचीही देणगी दिली, तर त्यांचे यंत्र खरोखर यंत्र ठरेल. ज्या नगरपालिका व जिल्हा परिषदा ती घेतात त्यांच्या सभासदांनी वर्षातून एकदा तरी नोंदवही मागवून पाहावी. सुशिक्षित नागरिकास डॉक्टरच्या कामात ढवळाढवळ करता येत नाही, आणि करूही नये. पण आपल्या गावच्या रुग्णवाहिकेतील यंत्र शेवटचे केव्हा तपासले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यास खचित आहे.

अठराव्या शतकातील लोकांनी भाता शोधला. एकोणिसाव्या शतकातील लोकांनी तो मापाने वापरण्याचे कष्ट टाळण्यासाठी टाकून दिला. आणि मधल्या शतकाहून अधिक काळात गुदमरलेली किती माणसे हातांच्या अपुऱ्या कसरतींवर गेली, याची गणती कोणीच ठेवली नाही. आज भाता आपल्याजवळ आहे, माप आहे, आणि माप का पाळावे याचे ज्ञानही आहे. उरते ते दरमहा अर्धा तास बसून यंत्र चालवून पाहण्याचे काम. त्यात कीर्ती नाही आणि नवेपणाही नाही. पण लरॉयच्या काळी जे टाळले गेले ते हेच.